जुना लॅपटॉप, मोकळी अवजारं

१ जुलै २०२५, मंगळवार

वेबसाइट बनवायला शिकवण्याच्या माझ्या क्लासची नवी बॅच आज सुरू झाली. मुलं-मुली डोणगाव, जानेफळ, हिवरा आश्रम अशा गावांतून एस.टी.नं मेहकरला येतात. लॅपटॉप बहुतेकांचे जुनेच, पुण्यात नोकरीला असलेल्या दादानं नवा घेतल्यावर दिलेले. शिकवायला लागण्याआधी प्रत्येक लॅपटॉपवर काय काय भरलंय ते पाहिलं. फोटोशॉप आणि कोरलड्रॉ जवळपास सगळ्यांकडे आहे, विकत घेतलेलं मात्र एकाकडेही नाही. विंडोज टाकून देणाऱ्यानं तेही टाकून दिलं. सोबत खोटी परवाना-किल्ली बनवणारी कीजेनची फाइल, आणि ती चालावी म्हणून अँटिव्हायरस बंद करून ठेवलेला. याच लॅपटॉपवर उद्या ही मुलं दुसऱ्यांच्या सर्व्हरचे पासवर्ड टाइप करणार आहेत. माझी खरी काळजी ती आहे.

म्हणून या बॅचचा नियम ठरवला: क्रॅक नाही. जे वापरायचं ते एक तर खुल्या परवान्याचं, नाही तर रीतसर पैसे देऊन घेतलेलं.

हिवऱ्याच्या मुलानं लगेच विचारलं, "मॅडम, फुकटचं हाय म्हंजे त्यात काही ना काही कमीच असन ना?" त्याला सांगितलं की २००३ साली आलेलं वर्डप्रेस असंच खुल्या परवान्याचं आहे आणि आज जगातल्या पाचपैकी दोन वेबसाइट त्यावर चालतात. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. एवढ्यानं होऊही नये. महिनाभर हातानं करून पाहू दे.

३ जुलै, गुरुवार

एडिटरचा दिवस. सगळ्यांना व्हीएस कोड हवा असतो, कारण यूट्यूबवर तोच दिसतो. मायक्रोसॉफ्टनं तो २०१५ मध्ये आणला आणि तो चांगलाच आहे. पण तो इलेक्ट्रॉनवर उभा आहे, म्हणजे आत एक आख्खा ब्राउझर चालू असतो. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तो, क्रोम आणि एक्सॅम्प एकत्र उघडले की माऊससुद्धा अडखळतो. अशा लॅपटॉपवर नोटपॅड प्लस प्लस टाकून दिलं. डॉन हो यानं २००३ मध्ये सुरू केलेलं हे काम. जीपीएल परवाना, जागा अगदी थोडी, क्षणात उघडतं. वीज गेली, बॅटरी संपली तरी सेव्ह न केलेली फाइल पुन्हा उघडल्यावर जवळपास तशीच मिळते. आपल्याकडे पावसाळ्यात हा गुण मोठा आहे.

लिनक्स असलेल्या मुलीला जीनी हा एडिटर दिला. आठ जीबी असलेल्यांना व्हीएस कोड, आणि ज्यांना मायक्रोसॉफ्टकडे जाणारी वापराची माहिती नको त्यांना त्याच कोडवरून बांधलेलं व्हीएसकोडियम.

अवजार निवडताना माझे तीन प्रश्न असतात. ते आपल्या यंत्रावर चालेल का? त्यात मराठी नीट उमटेल का? उद्या बनवणाऱ्यानं हात काढून घेतला तर ते आपल्याकडे राहील का? किंमत त्यानंतर.

७ जुलै, सोमवार

क्लासच्या सरावासाठी खरं काम मिळालं. बस स्टँडकडच्या एका कृषी सेवा केंद्राच्या काकांना वेबसाइट हवी आहे: सोयाबीन, तूर, हरभऱ्याचं बियाणं, बीजप्रक्रियेची माहिती, दुकानाची वेळ. मजकूर त्यांनी प्रेसमध्ये टाइप करून घेतला होता. पेन ड्राइव्ह लावला, मजकूर एडिटरमध्ये चिकटवला, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिखल.

तो मजकूर कृतिदेवमधला होता. विदर्भातल्या डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षं याच फॉन्टात कामं केली. त्यात साठवली जातात ती इंग्रजी अक्षरंच, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. फॉन्ट काढला की मराठीही जाते. गूगलला तो मजकूर सापडत नाही, मोबाइलवर दिसत नाही, अंधांसाठीचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही.

कृतिदेवचं युनिकोड करून देणारे मोफत परिवर्तक नेटवर बरेच आहेत. तरी मुलांना म्हटलं, आपणच करून पाहू. नोटपॅड प्लस प्लसमध्ये शोधा-बदला आहे आणि त्यात रेग्युलर एक्स्प्रेशन चालतं. दुपारभर तेच चाललं, आणि आजवरच्या तासांत मला सर्वांत आवडलेला तास हा.

पहिली अडचण पहिल्या वेलांटीची. कृतिदेवमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते, जशी ती दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवावी लागते, जशी ती उच्चारली जाते तशी. म्हणजे प्रत्येक वेलांटीला तिच्या अक्षरापलीकडे उडी मारायला लावायची, आणि 'स्थिती'सारखं जोडाक्षर असेल तर आख्ख्या जोडाक्षरापलीकडे. रफाराचं उलट. तो कृतिदेवमध्ये शेवटी येतो, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी. तिसरी खोच जानेफळच्या मुलीनं शोधली. ण, श, ष ही अक्षरं तिथं दोन तुकड्यांत असतात: अर्धं अक्षर आणि काना. आधी सगळे काने बदलले तर 'पाणी'तला ण तुटतो. तिनं यादीचा क्रम फिरवला. लांब जोड्या आधी, सुटे तुकडे मागाहून. मग तीच यादी जावास्क्रिप्टमध्ये लिहून तिनं छोटं पान तयार केलं: एका चौकटीत कृतिदेव टाका, दुसऱ्या चौकटीत युनिकोड घ्या.

एवढं करायला लागलं ते एक एडिटर आणि एक ब्राउझर.

१० जुलै, गुरुवार

आज फॉन्ट. काकांच्या पानाचं पहिलं वाक्यच 'शेतकऱ्यांसाठी' या शब्दानं सुरू होतं, आणि एका मुलाच्या लॅपटॉपवर तिथं रफार दिसत होता. त्यानं साधा र घेऊन त्याला य जोडला होता. मराठीत ऱ्य, ऱ्ह मधल्या या अर्ध्या र साठी युनिकोडमध्ये नुक्ता असलेला ऱ वेगळा ठेवला आहे, तो घेऊन हलन्त आणि य टाइप करावा लागतो. दुकानाच्या नावात 'ॲग्रो' आहे. त्यातला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीच्या फॉन्टात तिथं रिकामी चौकट दिसते.

आम्ही फळ्यावर चाचणीचे शब्द लिहिले: शेतकऱ्यांसाठी, पऱ्हाटी, कुऱ्हाड, वाऱ्याची, ॲग्रो, उत्कृष्ट, मळणी. कुठलाही फॉन्ट आधी या ओळीवर लावून पाहायचा.

मोफत मराठी फॉन्टांची गोष्ट महाराष्ट्रातच घडलेली आहे, आणि मुलांना ती माहीत असावी असं मला वाटतं. रेड हॅटनं २००४ मध्ये लोहित फॉन्ट खुल्या परवान्यानं सगळ्यांना दिले, ते मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं तयार केलेले. श्री-लिपी विकणारी तीच ही कंपनी. २०११ मध्ये लोहितचा परवाना बदलून तो फॉन्टांसाठीच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली आला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्टही याच परवान्याखाली मिळतात. दुकानाच्या पाटीवर छापा, वेबसाइटवर लावा, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, कुणाला विचारावं लागत नाही. अक्षरकारांनी कित्येक महिने बसून एकेक जोडाक्षर काढलेलं असतं. त्यांचं नाव पानाच्या तळाशी लिहायचं, असं मी बॅचला सांगितलं.

आणखी एक गोष्ट. एचटीएमएलच्या पहिल्या खुणेत भाषा मराठी आहे हे सांगा, म्हणजे लँगसमोर एमआर लिहा. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे काढून ठेवलेले असतात, तिथं ते आपोआप येतात. महाराष्ट्र शासनानं २००९ च्या निर्णयात मराठीसाठी ठरवलेलं ल-श चं वळण हेच. दोन अक्षरं टाइप करायची, खर्च शून्य. तरीही बहुतेक मराठी वेबसाइटवर तिथं इंग्रजीच लिहिलेलं सापडतं.

१४ जुलै, सोमवार

एफ-१२. ब्राउझरमध्ये आधीपासून असलेलं हे अवजार पुष्कळांना ठाऊक नसतं. २००६ मध्ये फायरफॉक्ससाठी फायरबग आलं, आज प्रत्येक ब्राउझरमध्ये तशी सोय आतच मिळते. त्यात नेटवर्कचा वेग मुद्दाम थ्रीजीइतका कमी करता येतो. काकांचं पान तसं उघडून पाहिलं, तर बियाण्याच्या पिशवीचा फोटो उतरता उतरेना. मोबाइलवरून काढलेला तसाच चढवलेला, चार एमबीचा. स्क्वूशमध्ये टाकून वेबपी केला, शे-दीडशे केबीत बसला. स्क्वूश ब्राउझरमध्येच काम करतं, फोटो कुठल्या सर्व्हरवर जात नाही.

शिवारात, एका काडीच्या सिग्नलवर पान उघडणारा शेतकरी हाच आपला वाचक आहे. वेग त्याच्या मोबाइलवर मोजायचा.

१७ जुलै, गुरुवार

हिवऱ्याच्या मुलाच्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नाकडे आज परत आले, गिटच्या निमित्तानं.

लिनक्सचा कर्नल लिहिणारे लोक कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवायला बिटकीपर नावाचं सॉफ्टवेअर वापरत होते. ते एका कंपनीचं होतं, पण त्यांना फुकट दिलेलं. २००५ मध्ये कंपनीनं ती सवलत काढून घेतली. जगभर पसरलेलं काम अडलं. लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं, आणि काही दिवसांतच गिटचा कोड गिटच सांभाळू लागलं. ते खुल्या परवान्यानं दिलं गेलं, म्हणून आता ते कुणी परत घेऊ शकत नाही.

अलीकडची दोन उदाहरणं शेजारी ठेवून दाखवली. हेरोकूचं मोफत होस्टिंग नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झालं. ज्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प तिथं होते त्यांना पैसे भरा नाही तर हलवा, एवढाच पर्याय उरला. त्याच्या पुढच्याच महिन्यात गिटहबनं ॲटम हा आपला एडिटर बंद केला. पण ॲटमचा कोड खुला होता. तो घेऊन लोकांनी पल्सर नावानं काम पुढं चालू ठेवलं. दोन्ही फुकटच होती. एक गेलं, दुसरं राहिलं. फरक परवान्यानं केला.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे मॅडम, किंमत पाहाची नाही, कागद पाहाचा." सातबारा पाहिल्याशिवाय कुणी जमिनीचा व्यवहार करत नाही, तसंच हे.

गिटचा आमच्यासाठी दुसरा मोठा गुण म्हणजे त्याला इंटरनेट लागत नाही. सगळा इतिहास लॅपटॉपवरच असतो. गावी रेंज नसली तरी रोजचं काम नोंदवता येतं, क्लासला आल्यावर गिटहबवर चढवायचं. गिटहब पेजेसवर स्वतःचं पान फुकट ठेवता येतं, फक्त तिथं ऑनलाइन दुकान चालवायला त्यांच्या नियमांत मनाई आहे. म्हणून मुलांचे सरावाचे प्रकल्प तिथं, काकांची साइट विकतच्या होस्टिंगवर.

२२ जुलै, मंगळवार

गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेवर आहे. लोणार, मग मेहकर, मग जानेफळ. मुलांनी पालखीच्या वाटेचा नकाशा करायला घेतला. गूगलच्या नकाशासाठी बिलिंगला कार्ड जोडावं लागतं, ते या मुलांकडे नाही. म्हणून लीफलेट आणि ओपनस्ट्रीटमॅप. पानावर नकाशा दाखवणारं लीफलेट अवघं ४२ केबीचं. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून लोकांनीच भरत आणलेला नकाशा आहे, श्रेय द्यायचं आणि वापरायचा. मात्र त्याचे सर्व्हर देणग्यांवर चालतात, त्यावर मोठा भार टाकू नये.

लोणारचं विवर त्यात ठळक दिसलं. आपल्या गल्ल्या मात्र बऱ्याच कोऱ्या. जानेफळच्या मुलीनं खातं काढून आपल्या गावातली शाळा, पाण्याची टाकी आणि देऊळ स्वतः नकाशात भरलं. आता ते जगात कुणालाही दिसेल. तिला झालेला आनंद पाहून मलाही भरून आलं.

२५ जुलै, शुक्रवार

काकांच्या चौकशीच्या फॉर्ममध्ये मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येत होती. जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ठरलेला अक्षरसंच लॅटिन-१ असायचा, त्यात देवनागरी मावत नाही. टेबल यूटीएफ-८ एमबी-४ केलं, जोडणीतही तेच सांगितलं. सुटलं.

२९ जुलै, मंगळवार

साइट आज चढली. कुलपाचं चिन्ह दिसावं म्हणून लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र लावलं. डिसेंबर २०१५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं, त्याआधी यासाठी बहुतेकदा दरवर्षी पैसे मोजावे लागत. ते ९० दिवसांनी संपतं, म्हणून नूतनीकरण सर्टबॉट या प्रोग्रामकडे सोपवलं.

काकांना खर्च सांगितला: डोमेन आणि होस्टिंग, बाकी सॉफ्टवेअरचे शून्य, आमच्या कामाची मजुरी वेगळी. मग त्यांनी सांगितलं की आधीही एकानं त्यांना साइट करून दिली होती. डोमेन त्यानं स्वतःच्या नावावर घेतलं, पुढं फोन उचलणं बंद केलं, आणि दुकानाच्या बिलांवर छापलेला तो पत्ता गेला तो गेलाच. या वेळी डोमेन काकांच्या नावानं, त्यांच्या ईमेलवर, त्यांच्या मोबाइलवरच्या ओटीपीनं घेतलं. पासवर्ड त्यांच्या वहीत लिहून दिला. साइटचा सगळा कोड पेन ड्राइव्हवर दिला. कुठल्या अवजारांनी केली त्याची यादी सोबत जोडली, म्हणजे उद्या मी नसले तरी दुसरं कुणीही ती पुढं चालवू शकेल.

मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, चिखलीत जे कुणी दुकानदारांना, शाळांना, देवस्थानांना वेबसाइट करून देतात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: क्रॅक वापरू नका, त्याची आता गरज उरलेली नाही. डोमेन मालकाच्या नावावर घ्या. आणि ज्या मोकळ्या अवजारावर आपलं पोट चालतं, त्यातलं एखादं पान मराठीत आणा, फॉन्टात एखादं जोडाक्षर तुटलेलं दिसलं तर बनवणाऱ्यांना कळवा. ते ऐकतात.