सोबत, पाण्यातली

घरात फिश टँक ठेवू पाहणारा माणूस दुकानात गेला की त्याचे लक्ष आधी रंगाकडे जाते आणि मग किमतीकडे. कोण कोणाबरोबर राहू शकेल, हा प्रश्न त्याला बहुधा आठवडाभराने पडतो. आणि तोवर त्याचे उत्तर पाण्यावर तरंगू लागलेले असते. 'पाण्यात राहून माशाशी वैर करू नये' असे आपली म्हण बजावते. मासे मासे मिळून कसे राहतात, याविषयी मात्र ती काही सांगत नाही. आम्ही दोघे मराठी शिकवणारे. मत्स्यशास्त्राशी आमचा संबंध घरातल्या तीन फुटी टाकीपुरता. पण शिरपुरात हा छंद बाळगणारे थोडे असल्याने 'सर, कोणते मासे आणू?', 'मॅडम, हे दोन चालतील का एकत्र?' अशी विचारणा आमच्याकडे अधूनमधून होते. त्या विचारणेच्या निमित्ताने साठलेले काही येथे मांडतो आहोत. त्यातला शेवटचा भाग माशांविषयी कमी आणि आपल्याविषयी अधिक आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्याकडे मासा पाळण्याची पहिली गोष्ट शतपथ ब्राह्मणात सापडते. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक लहानसा मासा येतो आणि म्हणतो, माझा सांभाळ कर, मी तुला पुढे तारीन. सांभाळ कशासाठी? तर आम्ही लहान असतो तोवर आम्हांला फार भय असते, मासाच माशाला गिळतो, असे कारण तो देतो. मनू त्याला आधी कुंभात ठेवतो, तो मोठा झाल्यावर खड्ड्यात, आणि तेथेही मावेनासा झाल्यावर समुद्रात सोडतो. टाकी बाळगणाऱ्याला लागणारे निम्मे ज्ञान या कथेत आहे. मोठे तोंड लहान देहाला गिळते, आणि मासा वाढतो पण भांडे वाढत नाही. कौटिल्याने हेच भय राज्यशास्त्रात नेले. दंड वापरलाच गेला नाही तर बळी दुबळ्याला गिळतो, त्या स्थितीला त्याने मात्स्यन्याय म्हटले. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त तर 'मत्स्यविनोद' असे स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यात माशांचे गोड्या पाण्यातले आणि समुद्रातले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे वर्ग पाडले आहेत, आणि कोणाला काय खाऊ घालावे हेही सांगितले आहे. अर्थात ते गळ टाकण्यापूर्वीचे पोसणे आहे. एम.ए.च्या वर्गात हा ग्रंथ आम्ही वेगळ्या कारणासाठी शिकवतो. शके १०५१च्या या ग्रंथात मराठीतल्या अगदी जुन्या पदाचा मासला आहे, आणि ते पद मत्स्यावताराचे आहे.

काचेच्या पेटीचा इतिहास त्या मानाने अलीकडचा. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनज्ञाने १८५०च्या सुमारास गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून त्यांचा परस्परांवर तोल कसा राहतो हे दाखवले. १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी पहिले मत्स्यालय पाहिले ते शाळेच्या सहलीत, मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला. वॉरिंग्टनच्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र अजून दुकानात कोणी सांगत नाही. माशाची पहिली सोबत दुसरा मासा नसून पाणी असते.

शिरपूरचे पाणी कसे आहे हे येथल्या बादल्या आणि नळाच्या तोट्या सांगतात. उत्तरेला सातपुड्याचा काळा पाषाण, दक्षिणेला तापीचा गाळ. यांतून उपसलेले बोअरचे पाणी जड, शालेय पुस्तकाच्या भाषेत दुष्फेन. २००४पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल करून आणि बंधारे घालून 'शिरपूर पॅटर्न' उभा राहिला, त्याने पाण्याची पातळी वर आली. पण खडकाने पाण्याला दिलेला क्षार काही कोणाला परत घेता येत नाही. म्हणून येथे मासे निवडताना आधी पाण्याला विचारावे. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही पिल्ले घालणारी मंडळी जड आणि किंचित अल्कधर्मी पाण्यात खुशीत राहतात. निऑन टेट्रा हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्याचा जीव; मत्स्यशेतीत वाढलेली पिल्ले बरेच सहन करतात, पण सहन करणे आणि नांदणे यांत फरक आहे.

त्यावर आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो, आणि पाणी जितके तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. गोल्डफिश ही मूळची थंड पाण्याची जात. तिचे येथे हाल होतात. थंडीत एखादी रात्र दहा अंशांच्या खाली उतरते, तेव्हा उष्ण प्रदेशातल्या माशांना हीटर लागतो. वीज गेली की हवेचा पंप बंद पडतो, म्हणून टाकी दाट भरू नये. पाणी वाफ होऊन उडते पण क्षार मागे राहतात; तेव्हा नुसती भर घालत न बसता आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नगरपालिकेचे पाणी असेल तर क्लोरीन काढण्यासाठी दुकानात मिळणारे थेंब घालावेत. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. सामू जास्त आणि पाणी उष्ण असले की त्या अमोनियाचा विषारी अंश वाढतो. शिरपुरात दोन्ही असतात. एवढा धीर धरला तर निम्मे मृत्यू टळतील. पुष्कळदा 'मासे भांडून मेले' म्हणतात, तेव्हा ते पाण्याने मेलेले असतात.

आता स्वभाव. पहिली कसोटी तोंडाची: जो तोंडात मावेल तो आज ना उद्या तोंडात जाईल. एंजल आणि निऑन हे दोघेही ॲमेझॉनचे, दोघेही देखणे आणि दुकानात शेजारी शेजारी. पण वाढलेला एंजल निऑनला गिळतो. दुसरी कसोटी शेपटीची: टायगर बार्ब तीनच असतील तर ते संथ माशांचे लांब पर कुरतडतात; तेच आठ-दहा असले की त्यांची बहुतेक कुरबुर आपसात खपते. तिसरी जागेची: तळाशी कोण, मध्ये कोण, वर कोण, हे पाहून तिन्ही मजले वाटून द्यावेत. चौथी संख्येची: थव्याने राहणारा मासा एकटा ठेवला तर तो भित्रा होतो किंवा खोडसाळ. प्लॅटी-गप्पींत एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात, नाहीतर माद्यांचा छळ होतो. आणि पाचवी कसोटी उद्याची: दोन इंचांचा ऑस्कर फूटभर होतो, 'शार्क' म्हणून विकले जाणारे चंदेरी पिल्लू अनेकदा पंगॅसिअसचे असते, आणि ते मीटरभर वाढू शकते. मनूला समुद्र उपलब्ध होता, आपल्याला नाही.

आमच्या टाकीत सुमारे १९० लिटर मावतात, रेती-दगड वजा जाता थोडे कमी. तिच्यात आठ झेब्रा आहेत, सात प्लॅटी, सहा कोरीडोरस आणि हनी गुरामीची एक जोडी. झेब्रा आणि हनी गुरामी हे आपल्याच पूर्व भारतातले. दोघांचे पहिले शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवरच्या १८२२च्या ग्रंथात केले. प्लॅटी मेक्सिकोकडची, कोरी दक्षिण अमेरिकेतला. झेब्रा वरच्या पाण्यात धावतात, प्लॅटी मध्ये चरतात, कोरी तळाची रेती हुंगत फिरतात आणि गुरामी पाणवनस्पतीच्या आडोशाने संथपणे हिंडते. उन्हाळ्यात कोरींची काळजी जास्त घ्यावी लागते. पाण्यावरून पंख्याचा वारा सोडला की दोन-तीन अंश उतरतात.

येथपर्यंत सारे निरुपद्रवी होते. गेल्या वर्षी आमचा एक तरुण सहकारी भाड्याचे घर शोधत होता आणि आम्ही त्याच्याबरोबर हिंडत होतो. एका कॉलनीत घर पसंत पडले, भाडे ठरले, मग आडनाव विचारले गेले. त्यानंतर घरमालकांचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. 'आमच्या इकडे सगळे एकाच समाजाचे आहेत, तुम्हांलाच करमणार नाही,' असे ते म्हणाले. असेच आणखी दोन ठिकाणी झाले. पुढे एका संध्याकाळी आमच्याकडे आलेल्या एका परिचितांना आम्ही हे सांगितले. गृहस्थ सज्जन, मदतीला धावणारे. त्यांच्याही घरी टाकी आहे आणि तिच्यातले मासे त्यांनी आम्हांला विचारूनच निवडले आहेत. ते टाकीकडे पाहत म्हणाले, 'सर, तुम्हीच तर सांगता ना, कोणाबरोबर कोण चालत नाही ते? माशांचं तेच, माणसांचं तेच. ज्याचा त्याचा गट बरा. मिसळलं की भांडणं.'

त्यांच्या बोलण्यात विखार नव्हता, आणि म्हणूनच ते आम्हांला अधिक लागले. आमचाच सल्ला त्यांनी आमच्यापुढे ठेवला होता. आम्ही तेव्हा जे बोललो ते तुटक होते. ते येथे सलग मांडतो.

टाकीची साक्ष काढायचीच असेल तर ती पुरी काढावी. सर्वांत जिवावर उठणारी भांडणे 'आपल्या गटात'च होतात. फायटरचे दोन नर एकाच जातीचे, एकाच मत्स्यशेतीतले, कदाचित एकाच आईचे. ते एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात. त्यांना एकच जागा, एकच अन्न, एकच मादी हवी असते, म्हणून ते भांडतात. झेब्रा आणि कोरी यांच्यात महासागर आहे. त्यांच्यात वाटून घेण्यासारखा तंटाच नाही. शिवाय भांडण हा माशाचा ठरलेला गुण फार क्वचित असतो. जागा अपुरी, आडोसा नाही, अन्न एकाच कोपऱ्यात पडते, सोबतीला पुरेसे नाहीत, अशा कारणांनी तो भांडतो. आणि ही सारी कारणे टाकी मांडणाऱ्याच्या हातातली असतात. आडोसा वाढवला, दोन कोपऱ्यांत खाणे टाकले, की तेच मासे निवतात.

पण एवढ्यावर थांबलो तर आम्हीही त्यांच्यासारखेच केले असे होईल. त्यांनी टाकीतून विलगतेचा धडा काढला, आम्ही सरमिसळीचा काढू. उद्या कोणी ऑस्करच्या पोटातली गप्पी दाखवील, तेव्हा काय म्हणणार? ऑस्कर आणि गप्पी दोन जाती आहेत. माणसांत 'जात' हाच शब्द आपण वापरतो, आणि मराठीने केलेली ही गल्लत किती महागात पडली आहे हे भाषा शिकवणाऱ्यांनी तरी विसरू नये. माणूस ही एकच जात आहे. ऑस्करला गप्पी न खाण्याची निवड नसते; घरमालकाला किल्ली देण्याची निवड होती. माशांचे स्वभाव दाखवून ती निवड झाकता येत नाही.

मग टाकीकडून माणसाने काही घ्यायचेच नाही का? घेण्यासारखे आहे, पण ते माशाच्या वागण्यात नसून पाळणाऱ्याच्या जबाबदारीत आहे. मासे आपले शेजारी निवडत नाहीत. ते आपण निवडतो, आणि म्हणून बिघडले तर जाब आपल्याला. मनूच्या माशाने हेच मागितले होते: मी लहान आहे तोवर भांडे तुझ्या हातात आहे. मात्स्यन्याय हे कौटिल्याच्या लेखी टाळायच्या अवस्थेचे नाव आहे. माशांकडे बोट दाखवून त्याचे समर्थन करणारा माणूस त्याचा अर्थ उलटा लावतो.

या जबाबदारीला टाकीबाहेरही एक टोक आहे. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर फूटभर वाढला की लोक त्याला दयाबुद्धीने नदीत सोडतात. या परक्या माशाने भारतातल्या अनेक जलाशयांत मूळ धरले आहे. उजनीच्या मच्छीमारांनी तो जाळी फाडतो म्हणून तक्रारी केल्या आहेत. गप्पी तर आपल्याकडे डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीच आणली गेली आणि आरोग्य खात्याची माणसे आजही ती गटारी-डबक्यांत सोडतात. तिच्यापायी स्थानिक लहान माशांचे काय झाले हे फारसे विचारले जात नाही. अरुणावतीत वा तापीत टाकीतला मासा सोडू नये. मोठा झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे आणण्यापूर्वीच त्याची पूर्ण वाढ विचारावी.

सहकाऱ्याला घर मिळाले, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला. रोजचा फेरा वाढला आणि भाडेही थोडे जास्त पडते. त्याने कुरकूर केली नाही. ती आम्हीच करतो. त्या परिचितांचे येणे-जाणे सुरू आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी विचारले, त्यांच्याकडचा एकुलता एक टायगर बार्ब फार त्रास देतो, काढून टाकू का? आम्ही म्हटले, काढू नका. जागा असेल तर आणखी सात आणा.