घायपाताची लेकरे

रावेर-यावलकडील शेते केळीच्या बागांनी हिरवीगार दिसतात. तेथून धुळे जिल्ह्याच्या कोरड्या भागाकडे वळले, की माळराने लागतात. तेथील बांधांवर एक झाड पहारेकऱ्यासारखे उभे असते. त्याचे नाव घायपात. पाने जाड व भाल्यासारखी, टोकाला अणकुचीदार काटा. गुरे त्याच्या वाटेस जात नाहीत. या पानांतून वाख निघतो आणि वाखाचे दोर वळतात.

घायपाताचे मूळ घर मेक्सिको. कित्येक वर्षे ते पानांत अन्नपाणी साठवीत राहते. मग एके वर्षी त्याच्या मध्यातून खांबासारखा दांडा निघतो आणि पंधरा-वीस फूट उंच जातो. त्यावर फुले येतात. ती गळाली, की जेथे फळे धरावीत तेथे चक्क इवलीइवली हिरवी रोपे दिसू लागतात! दांड्यावर अशी शेकडो रोपे असतात. प्रत्येकाला चिमुकली पाने असतात आणि बुडाशी मुळांचे कोंब असतात. पुरती वाढली, की ती आपोआप खाली पडतात. ती वेचून वाफ्यात लावावीत आणि मोठी झाल्यावर बांधावर न्यावीत. इकडे आई मात्र वाळून जाते. आयुष्यभराची शिदोरी तिने लेकरांना वाटून टाकलेली असते. केळही एकच घड देऊन संपते; परंतु तिचे मुनवे जमिनीतून, कंदापासून फुटतात.

या लेकरांची जिद्द केवढी! १८९३ साली रिचर्ड हिंडॉर्फ या जर्मन शेतीतज्ज्ञाने फ्लोरिडाहून घायपाताची एक हजार रोपे पूर्व आफ्रिकेत मागविली. लांबच्या प्रवासात बहुतेक मेली. अखेर जगली ती केवळ ६२. त्या ६२ रोपांच्या वंशातून आजच्या टांझानियातील वाखाचे मळे उभे राहिले.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. बीजातून उगवणाऱ्या रोपात आईबापांचे गुण मिसळतात, नवे काही निपजते. दांड्यावरचे रोप अथवा केळीचा मुनवा म्हणजे आईचीच प्रतिमा. तिचा कसदारपणा त्याच्यात येतो, तशी तिची दुर्बलताही येते. जो रोग एका झाडाला लोळवतो, तो सगळ्या मळ्याला लोळवू शकतो. म्हणून जाणता शेतकरी रोप उचलण्यापूर्वी त्याच्या आईकडे निरखून पाहतो.