सावलीचा भाव

दुबईत ऊन तेवढं फुकट मिळतं. जुलैमध्ये दुपारी पारा ४२-४३च्या पुढे जातो आणि समुद्र जवळ असल्यामुळे वर चिकचिकाट होतो तो वेगळाच. विदर्भातल्या माणसाला ४३ अंशांचं अप्रूप नाही. पण तिकडे सावलीत टेकलं, माठातलं पाणी प्यालं की जिवात जीव येतो. इथे सावलीसुद्धा तापलेली असते. त्यामुळे या शहराने दुकानं, हॉटेलं आणि प्रेक्षणीय स्थळं अशी जी चैन मांडून ठेवली आहे, तिच्यातला मुख्य माल मला एकच वाटतो: गारवा. पिशवीत अत्तर पडो की घड्याळ, हात खिशाकडे वळतो तो आधी गारव्यासाठी.

दुबई मॉल २००८ साली उघडला. बाराशेच्या वर दुकानं आहेत म्हणे. मोजण्याच्या फंदात कोणी पडत नाही. मेट्रोतून उतरल्यापासून मॉलमध्ये शिरेपर्यंत सुमारे ८०० मीटरचा बंदिस्त पूल आहे, सरकते पट्टे बसवलेला. म्हणजे उन्हाशी ओळख न होताच माणूस आत. आत भिंतीएवढ्या काचेमागे एक कोटी लिटर पाण्याचं मत्स्यालय आहे. तिकीट काढून आत जाता येतं, पण काचेसमोर उभं राहायला पैसे पडत नाहीत, आणि मॉलमधली खरी गर्दी तिथेच असते. एक भली थोरली पाकट पंख हलवत वरून सरकली तेव्हा माझ्या शेजारचे मालवणी गृहस्थ बायकोला हळूच म्हणाले, "अख्ख्या वाडीक पुरतली गो!"

दुसऱ्या एका मॉलमध्ये २००५पासून बर्फाची टेकडी आहे. उणे एक-दोन अंश थंडी, घसरगुंड्या, पेंग्विनसुद्धा. कोट आणि बूट तिकिटातच मिळतात. मला तो प्रकार फारसा भावला नाही. त्यापेक्षा काचेच्या अलीकडे कॉफी पीत बसलेली मंडळी बघण्यात जास्त गंमत होती: बाहेर भट्टी, पलीकडे हिमालय, आणि मधे ही माणसं केक खात बसलेली.

हा गारवा येतो कुठून याचं मला कुतूहल होतं. शहरात ठिकठिकाणी मोठी शीतकरण केंद्रं आहेत. तिथे पाणी थंडगार करून जाड वेष्टणाच्या नळांतून जमिनीखालून इमारतींना पाठवतात. ते इमारतीतली उष्णता घेऊन परत येतं, पुन्हा थंड होतं, पुन्हा निघतं. शहराचं पिण्याचं पाणीही बहुतेक सगळं समुद्राचंच, मीठ काढून गोड केलेलं. पाणी आणि गारवा दोन्ही कारखान्यातून येतात, आणि दोन्ही मीटरवर चढतात.

पण मीटर नव्हते तेव्हाही माणसं इथे राहतच होती. त्याचा पुरावा बर दुबईतल्या अल फहिदी वस्तीत उभा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुबईच्या शेखांनी बंदरातली जकात माफ केली, तेव्हा समोरच्या इराणी किनाऱ्यावरचे, बस्तकच्या मुलखातले व्यापारी तिकडच्या करांना कंटाळून इकडे आले. प्रवाळी दगडांची, जिप्समच्या गिलाव्याची घरं त्यांनी बांधली आणि घरांवर चौकोनी मनोरे चढवले. अशा मनोऱ्याला बर्जील म्हणतात. वरून चारी बाजूंनी उघडा, आत फुलीच्या आकारात उभ्या भिंती. वारा कुठूनही येवो, फुलीच्या एका खणात अडकतो आणि खाली खोलीत उतरतो; तापलेली हवा समोरच्या खणातून वर निघून जाते. अशा एका मनोऱ्याखाली मी मान वर करून बराच वेळ उभा राहिलो. एसीचा झोत नव्हेच तो. घामावरून वाऱ्याने हात फिरवावा, इतकंच. बाहेरच्या गल्ल्याही मुद्दाम अरुंद ठेवलेल्या, त्यामुळे दिवसाच्या बहुतेक वेळी एका तरी भिंतीची सावली पायाखाली येते. ज्यांनी ही वस्ती आखली त्यांना नकाशाच्या आधी ऊन कळलेलं होतं.

तिथून खाडीचा धक्का जवळच. पलीकडे देराला जायला अब्रा नावाची लाकडी होडी असते, भाडं एक दिरहम. वर छप्पर, बाजू मोकळ्या, मधल्या बाकावर माणसं पाठीला पाठ लावून बसलेली. दुबईतली ही सगळ्यात स्वस्त सफर, आणि माझ्या मते सगळ्यात देखणी. पलीकडच्या धक्क्यावर गलबतं लागलेली असतात. टायर, फ्रिज, खोक्यांच्या थप्प्या उघड्यावर रचलेल्या.

देराचा सोनेबाजार लाकडी छपराखाली आहे. दुकानांची दारं उघडतात, मिटतात आणि आतला गारवा गल्लीत सांडतो. तो अंगावर घेत माणूस नकळत काचेकडे सरकतो, आणि नेमका तिथेच विक्रेता त्याला गाठतो. एका दुकानात ५८ किलोंहून अधिक सोन्याची अंगठी ठेवली आहे. ती बोटात घालायची नसून तिच्याशेजारी फोटो काढायचा असतो.

या बाजाराचं आपल्या किनाऱ्याशी नातं जुनं आहे. तेलाच्या आधी इथले मोती मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे जात. जपानच्या संवर्धित मोत्यांनी १९३०च्या दशकात तो धंदा बसवला. रुपया मात्र १९६६पर्यंत इथे चालत होता. रुपये देऊन सोनं घ्यायचं आणि चोरून भारतात उतरवायचं, हा उद्योग इतका वाढला की १९५९मध्ये आखातासाठी रुपयाच्या वेगळ्या नोटा काढाव्या लागल्या. पुढे १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला तरी चोरटी आयात थांबली नाही. दुबईच्या बाजूने त्यात बेकायदा काही नव्हतं. सोनं रीतसर यायचं, रीतसर गलबतावर चढायचं. गुन्हा व्हायचा तो आपल्या किनाऱ्यावर. दहा तोळ्यांचं, म्हणजे ११६.६४ ग्रॅमचं बिस्किट हे त्या धंद्याचं माप. हिंदी सिनेमातल्या स्मगलरच्या पेटीत चमकायची ती हीच बिस्किटं.

आज भाव फलकावर लागतो आणि त्यात घासाघीस नसते. घासाघीस होते घडणावळीवर. सांगलीकडच्या एक काकू मोबाइलवर हिशेब मांडून बसल्या होत्या. केरळी विक्रेत्याने स्टूल दिलं, गार पाण्याची बाटली दिली, बांगड्यांचे ट्रे काढले. काका दाराशीच घुटमळत होते, तर काकू मराठीत म्हणाल्या, "अहो, बसा की जरा. घ्यायचं नसलं म्हणून काय झालं? बाहेर काय ऊन आहे!" अर्ध्या तासाने मी त्याच बाजूने परत आलो तेव्हा काकू कुड्यांच्या जोडाची पावती पर्समध्ये घालत होत्या. स्टूल आणि पाणी वसूल झालं होतं.

खाण्यात मी तळमजल्याचा माणूस. बुर्ज खलिफाच्या १२२व्या मजल्यावर उपाहारगृह आहे, पण इतक्या उंचीवरून खाली बघत घास उतरेल असं वाटलं नाही. मचबूस मात्र आवर्जून खाल्ला. भात, मांस आणि त्यात अख्खं वाळवलेलं काळं लिंबू, लूमी. ते चमच्याने दाबलं की कडवट-आंबट रस भातात उतरतो आणि अख्ख्या थाळीची चव पालटते. मग लुकैमात, खजुराच्या पाकात माखलेले, आपल्या गुलगुल्यांच्या कुळातले. संध्याकाळी करक चहा. कॅफेटेरियासमोर गाडी थांबते, हॉर्न वाजतो, एक पोरगा कागदी पेले घेऊन धावतो. काच चार बोटं खाली, पेला आत, काच वर. त्या चार बोटांतून जेवढा गारवा बाहेर येईल तेवढाच त्या पोराचा.

१५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात, उघड्यावर काम करवून घ्यायला बंदी आहे. त्या वेळी गाडीतून जाताना बांधकामांच्या कडेला, जिथे म्हणून सावलीचा तुकडा सापडेल तिथे, हेल्मेट उशाशी घेऊन माणसं आडवी झालेली दिसतात. तीन वाजले की उठतात. आमच्या सहलीच्या पत्रकात हे स्थळ नव्हतं.

वाळवंट पत्रकात होतं. टायरांतली हवा कमी करून चालकाने आम्हाला टेकाडांवरून मनसोक्त आपटलं आणि मग एका गाफच्या झाडाखाली गाडी लावली. गाफ हा अमिरातींचा राष्ट्रीय वृक्ष, आणि ही चक्क आपली शमी, पांडवांनी शस्त्रं लपवली ती. मुळं खोल, पानं बारीक, सावली विरळ. तरी चालकाने दिवसभरात पहिल्यांदा एसी बंद केला तो तिथे.

मी करामा भागात मावसबहिणीकडे उतरलो होतो. तिला जागा बदलायची होती. रात्री जेवताना एजंटचा फोन आला. नवीन इमारत, मोठी बाल्कनी, समोर खाडी. ताईचा चेहरा खुलला. भावोजींनी वरणभात कालवता कालवता एवढंच विचारलं, "चिलर फ्री आहे का?" चिलर फ्री म्हणजे गारव्याचं बिल घरमालकाने भरायचं. इथले भाडेकरू स्वयंपाकघर बघायच्या आधी हे विचारतात. एजंट म्हणाला, नाही, पण खाडी काय सुंदर दिसते! "खाडी बघायला एक दिरहम पुरतो," भावोजी म्हणाले, "तुम्ही भाडं किती कमी करता ते बोला."