काजूच्या रानातला थंड पेला

एप्रिल लागला की आपल्याकडे पन्हं, कोकम सरबत, ताक यांची पातेली फ्रिजमध्ये जागा अडवून बसतात. गेल्या एप्रिलमध्ये मात्र मी एक निराळंच पेय पाहून आले, आणि त्याची कृती सांगण्याआधी ते जिथलं आहे त्या गावाची हकिगत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आमच्या वन्सं गोव्यात, सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ राहतात. गोवा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर समुद्र येईल, पण इथे समुद्राचा मागमूस नाही. बेळगावहून चोर्ला घाट उतरलं की दोन्ही बाजूंना गर्द रान, खाली म्हादई नदी आणि टेकड्यांच्या उतारांवर काजूच्या बागा. १८५२ साली दीपाजी राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड पुकारलं ते याच मुलखात. गंमत अशी, की ज्या काजूवर आज हा मुलूख जगतो, तो पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेला!

या खेपेस सासूबाईही बरोबर होत्या. लेक देऊन तीस वर्षं झाली, पण काजूच्या हंगामात त्या तिच्याकडे कधी गेल्या नव्हत्या. गणपतीत जात, दिवाळीत जात. मार्च ते मे मात्र काही ना काही सबब निघे. कारण घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नसे. आमचे मामंजी दारूपायी गेले. तेव्हापासून आमच्या घरात बाटली सोडा, तिचं नावही निघत नाही. आणि काजूच्या हंगामात तिकडे सगळ्या रानाला एकच वास येतो, आंबूस-गोड, बोंडू आंबल्याचा.

पहिल्याच सकाळी वन्सं आम्हाला बागेत घेऊन गेल्या. काजूची बी तोडून बाजूला काढायची, ती विकायला. (बीच्या कवचातला चीक हाताला लागू देऊ नका बरं का, कातडं भाजतं!) राहिलेली लाल-पिवळी बोंडं खडकात खोदलेल्या उथळ खड्ड्यात टाकून पायांनी तुडवतात. मग चोथ्याचा ढीग करून, त्याला रानवेल गुंडाळून वर जड दगड ठेवतात. त्यातून रात्रभर जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. आंबवून आणि भट्टीवर चढवून पहिल्या धारेला जे मिळतं तो हुर्राक, साधारण पंधरा टक्के मद्यार्काचा. तोच पुन्हा रसात मिसळून उकळला की कडक फेणी. २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. हुर्राक मात्र टिकत नाही. तो हंगामातच संपवायचा.

बोंडू तुडवणाऱ्या बाईंनी पेला पुढे केला. "पी गो बाय, थंड आसा." सासूबाईंनी हात मागे घेतला. तेव्हा वन्सं म्हणाल्या, "आई, ही दारू नव्हे. कालच्या फळाचा रस आहे. दोन-तीन दिवस ठेवलास तर दारू होईल, आज नाही."

सासूबाईंनी पेला घेतला. त्यात वन्संनी पुदिन्याची चार पानं चुरडून टाकली, लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ घातलं. एक घोट घेऊन त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गोड आहे गं. मला वाटलं होतं, मुळातच कडू असेल."

संध्याकाळी ओसरीवर वन्संच्या यजमानांनी आपला हुर्राक घेतला. उंच पेला, बर्फ, लिंबू, मीठ, एक चिरलेली हिरवी मिरची, वरून लिंबाचं गोड सोडावॉटर. सासूबाई बघत होत्या. एक पेला झाला, जावई उठले, जेवायला बसले. बस्स, एवढंच. घरी परत येताना गाडीत त्यांनी अचानक आमच्या ह्यांना विचारलं, "तू मित्रांकडून येताना लवंग चघळत येतोस, ते मला कळत नाही असं वाटतं का रे?" मी खिडकीबाहेर बघू लागले. "प्यायचीच असेल तर घरात पी, बायकोच्या समोर, मोजून. तुझे वडील बाहेर प्यायचे. तिथे मोजायला कुणी नव्हतं."

तर मैत्रिणींनो, आता कृती. हुर्राक आपल्याकडे येत नाही, आणि परवान्याशिवाय हद्दीपलीकडे बाटली आणायच्या भानगडीत पडूही नका. पण अशाच जातीचं पेय दूर क्यूबात, हवानाला करतात. तिथे पांढऱ्या रममध्ये पुदिना, लिंबू, साखर आणि सोडा घालतात आणि त्याला मोहीतो म्हणतात. मी त्यात आपलं फळ घालते.

एका पेल्यासाठी पुदिन्याची ८-१० पानं, दोन चहाचे चमचे साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि अर्धी वाटी पिकलेल्या अननसाचे तुकडे घ्या. आधी साखर, लिंबू, पुदिना लाटण्याच्या टोकाने हलकेच दाबा. मिक्सरमध्ये वाटू नका, पेय कडवट आणि काळपट होतं. मग अननस चेचून घाला, बर्फ, ३० मिलि पांढरी रम, आणि वर पाऊण वाटी थंड सोडा. अननसाऐवजी कलिंगडही छान लागतं. मग साखर निम्मी करा.

इथे एक चूक हमखास होते. रम हुर्राकच्या जवळजवळ तिप्पट कडक असते. गोव्याला पाहिलं म्हणून तेवढंच ओतलं, तर एका पेल्यात तीन पेले पोटात जातात, आणि गोड चवीमुळे कळतही नाही. म्हणून मापाशिवाय ओतायचं नाही. शिवाय दारूने घसा थंड वाटला तरी अंगातलं पाणी कमीच होतं. दर पेल्याबरोबर एक पेला साधं पाणी ठेवा. गरोदर बाई, औषधं चालू असलेली माणसं आणि गाडी चालवणारा, यांना बिनरमचाच पेला. मुलांसाठी जग वेगळा करा आणि तो आधी भरा, म्हणजे घोटाळा होत नाही. आणि पाहुण्यांना न सांगता कधीही देऊ नका.

आमच्याकडे आता शनिवारी रात्री हा बेत कधीमधी होतो. सासूबाई रम घेत नाहीत. त्यांना पुदिना-अननस-लिंबू, वर चिमूटभर मीठ. पण ट्रे मात्र त्याच मांडतात. त्यात त्यांनी स्वतःहून खोकल्याच्या औषधाचा मापाचा छोटा पेला धुऊन ठेवला आहे. ह्यांचा पेला त्या मापानेच भरतो, आणि बाटली पुन्हा कपाटात जाते. किल्ली सासूबाईंकडे!