दाद न देणारी गाठ

पहिल्या दोन-तीन केमोत गाठ उतरते, घरच्यांच्या जिवात जीव येतो. मग कधीतरी तीच गाठ त्याच औषधाला दाद देईनाशी होते. यवतमाळ जिल्ह्यातून सावंगी, सेवाग्राम आणि नागपूरच्या खेपा करणाऱ्या कुटुंबांना हा टप्पा चांगला माहीत आहे. "याहून जालीम औषध नाही का?" असं ते हमखास विचारतात. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो आणि प्रयोगशाळेत कार्बनचे नॅनोकण बनवतो. या कामानं मला एक गोष्ट पक्की शिकवली: बऱ्याचदा औषधात जोर असतो, पण ते पेशीत टिकत नाही.

आपल्या जिल्ह्यानं असा प्रकार कपाशीत भोगलेला आहे. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीची बोंडं पोखरली. तिला मारण्यासाठी बियाण्यात घातलेली दोन्ही विषं ती पचवू लागली होती. विषातून तगलेल्या मोजक्या अळ्यांचीच पिलावळ वाढत गेली की असं होतं. कर्करोगाच्या पेशींतही हीच निवड चालते. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं इथले शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विषाचा मारा वाढवला की तो अंगावर उलटतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या केमो-औषधाचंही तसंच आहे. ते हृदयाच्या स्नायूला इजा करतं, म्हणून एका रुग्णाला आयुष्यभरात किती द्यायचं याला मर्यादा आहे. डोस वाढवत नेण्याची वाट तिथेच संपते.

पेशी औषधाला दाद का देत नाही, याचं एक मोठं कारण 1976 मध्ये टोरांटोत जुलियानो आणि लिंग यांना सापडलं. औषधाला न जुमानणाऱ्या पेशींच्या आवरणात त्यांना एक प्रथिन आढळलं, पी-ग्लायकोप्रोटीन. हे प्रथिन पंपाचं काम करतं. आवरणातून आत शिरणारा औषधाचा रेणू ते पकडतं आणि पेशीचीच ऊर्जा खर्चून बाहेर टाकतं. एकाच पंपाला अनेक औषधं ओळखू येतात, म्हणून औषध बदलूनही कधीकधी उपयोग होत नाही.

कार्बनचा उपयोग इथे होतो. औषधाचे सुटे रेणू आवरणातून झिरपतात, तेव्हा पंपाच्या तावडीत सापडतात. तेच औषध कणावर बसवून पाठवलं, तर पेशी तो कण आवरणाच्या घडीत गुंडाळून आत ओढून घेते. आतली ती पिशवी आम्लधर्मी होत जाते, तसं औषध कणावरून सुटतं आणि एकदम पुष्कळ प्रमाणात आत मोकळं होतं. 2010 मध्ये चिनी संशोधकांनी कार्बन नॅनोनलिकांवर पी-ग्लायकोप्रोटीन ओळखणारी प्रतिपिंडं जोडली, वर डॉक्सोरुबिसिन चढवलं आणि औषधाला न जुमानणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशींवर ते लागू करून दाखवलं.

महाराष्ट्रातही कार्बनचं काम जुनं आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. महेश्वर शेरॉन यांनी कापरासारख्या वनस्पतिजन्य पदार्थांपासून नॅनोनलिका बनवल्या. डॉ. माधुरी शेरॉन यांच्या गटानं 2013 मध्ये शिंगाड्याच्या सालीपासून कार्बन डॉट, म्हणजे कार्बनचे चमकणारे नॅनोकण, तयार केले. कपाशीची वेचणी संपल्यावर आपल्याकडे पऱ्हाट्या बांधावर पेटवून देतात. मला त्यांत कच्चा माल दिसतो.

पऱ्हाटी धुऊन, वाळवून, दळून घ्यायची. तो भुगा पाण्यासह टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या पोलादी भांड्यात घट्ट बंद करायचा आणि ओव्हनमध्ये 180 अंशांवर काही तास ठेवायचा. भांडं पूर्ण निवल्याशिवाय उघडायचं नाही. गाळल्यावर तपकिरी पाणी उरतं. त्यावर अतिनील दिवा धरला की ते निळं उजळतं. नवा विद्यार्थी इथेच हरखतो, आणि खरं काम इथूनच सुरू होतं. दहा नॅनोमीटरहून लहान कणांबरोबर त्या पाण्यात अर्धवट शिजलेले सुटे रेणूही असतात आणि तेही तसेच चमकतात. म्हणून ते पाणी डायलिसिसच्या पिशवीत भरून शुद्ध पाण्यात सोडायचं, बाहेरचं पाणी बदलत राहायचं. बाहेरच्या पाण्यात दिव्याखाली चमक दिसेनाशी झाली, की मगच पिशवीतल्या मालाला कार्बन डॉट म्हणायचं. औषध चढवल्यानंतरही हीच धुलाई होते. या वेळी बाहेरच्या पाण्याचा लालसरपणा जाईपर्यंत थांबायचं. न चिकटलेलं औषध मागे राहिलं, तर पेशी त्यानंच मरतील आणि श्रेय कणाला जाईल.

हाच चोखपणा पेशींवरच्या चाचणीत लागतो. नुसतं औषध, नुसता रिकामा कण आणि औषध चढवलेला कण, हे तिन्ही साध्या पेशींवरही लावायचे आणि औषधाला न जुमानणाऱ्या पेशींवरही. डॉक्सोरुबिसिन स्वतःच तांबडं चमकतं. साध्या पेशीचं केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली तांबडं दिसतं, पंप असलेल्या पेशीचं जेमतेम. कणावरून औषध गेल्यावर त्या दुसऱ्या पेशीतही तांबडा रंग टिकला, तरच वाट बदलली असं म्हणता येतं.

रुग्णाच्या गाठीपर्यंतचा पल्ला अजून लांब आहे. पंप हे एकच कारण नसतं. काही पेशी औषधानं तोडलेला डीएनए दुरुस्त करून घेतात, काही मरणाचा हुकूमच मानत नाहीत. शिवाय कार्बन सहजी विरघळत नाही. लांब, ताठ नॅनोनलिका उंदरांच्या पोटाच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉससारखा दाह करतात, हे 2008 मध्ये दिसलं आहे.

एखाद्या पेशंटचा मुलगा विचारतो, "सर, हे आमच्या बाबांना मिळंल का?" मी सांगतो, अजून नाही, चालू असलेला उपचार सोडू नका, आणि घरात कोणी खर्रा खात असेल तर तो आजच बंद करा. हे सांगताना जीव तुटतो. पण पऱ्हाटीपासून बनलेलं काही एक दिवस माणसाच्या शिरेत जायचं असेल, तर प्रत्येक कण आत काय करतो आणि शेवटी कुठे जातो, याचा हिशेब आधी आम्हाला देता आला पाहिजे. माझे विद्यार्थी तो हिशेब मांडायला शिकतात, तेवढ्यानं मला पुढच्या कामाची उमेद मिळते.