हयातीचा दाखला

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गांवचे ४६ जवान पहिल्या महायुद्धांत कामास आले. त्यांची स्मृतिशिला तेथें आहे. मृतांचें स्मरण आपण करतों खरें. पण मागें राहिलेल्या माणसांचा भार कोण वाहतो, हें आम्हांस आमच्याच आळींत कळलें.

शेजारच्या आजी एका सुभेदाराच्या विधवा. पलटणीच्या कागदांतलें नांव आणि आधारकार्डावरचें नांव यांत एका वेलांटीचा फरक निघाला, नि त्यांचें कुटुंब-निवृत्तिवेतन अडलें. आम्ही खाशा भाषेंत दोन अर्ज लिहून दिले. (त्या भाषेचा आम्हांस तेव्हां अभिमानही वाटला!) उत्तर आलें नाहीं.

मारुतीच्या देवळाच्या ओवरींत माजी सैनिकांची मंडळी रोज बसते. हे लोक जुन्या लढायांच्या गप्पा मारतात, एवढीच आमची समजूत. त्यांतल्या एका हवालदारानें आजींचा कागद न् कागद वाचला. "आई, साहेबांचें डिस्चार्ज बुक कुठें आहे?" इतकेंच त्यानें विचारलें, आणि पदरच्या खर्चानें तीनदां त्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत नेलें. चवथ्या महिन्यांत पैसे सुरू झाले.

आजींनीं आमच्या हातीं लाडू धाडले. हवालदारानें डबा मंडळींत वांटला आणि आम्हांस बजावलें, "नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यायला आईंना घेऊन जायचें आहे. या वेळीं तुम्ही जा."