काया चामडीले ऊन पोयत नाही म्हणे!

मी अमरावतीची, माहेर अकोल्याचं. भर मे महिन्यात अकोल्याला जाणाऱ्या माणसाला लोक हसतात, पण भाच्याला शून्य सावली बघायची होती. सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या बाटलीची सावली तिच्याच बुडाखाली दडते, तो दिवस. अकोल्यात तो २३ मेच्या आगेमागे येतो, अमरावतीत त्यानंतर एक-दोन दिवसांनी. जुलैतही एकदा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. साल २०२४. पारा पंचेचाळिसापर्यंत गेलेला. पाठोपाठ २५ तारखेला जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी अकोल्यात कलम १४४ लावलं, त्याच्या बातम्या देशभर गेल्या. अकोल्याची खरी मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही, सव्वाबाराच्या पुढे होते. तोवर, आणि पुढे भाच्याचे फोटो संपेपर्यंत, आम्ही चुना मारलेल्या गच्चीवर. डोक्याला दुपट्टा होता. मान, हात आणि पावलं उघडी.

दुपारभर काहीच जाणवलं नाही. हे भाजणं असंच असतं, तीन-चार तासांनी उगवतं आणि दुसऱ्या दिवशी कळस गाठतं. रात्री मानेला ब्लाउजची कड लागली तरी जीव कळवळायचा. पावलांवर चपलेच्या पट्ट्यांची नक्षी. मोठ्या आईनं चष्मा न लावताच निकाल दिला, "पोरी, आपल्या काया चामडीले काय ऊन पोयते वं? गोऱ्यायचे नखरे हायेत ते!" आणि लगेच टूथपेस्ट घेऊन आली. पोळतच नसेल तर टूथपेस्ट कशाला, हे विचारायची आमच्या घरात सोय नाही.

काळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, म्हणून ती उशिरा भाजते. भाजतच नाही असं नाही. गोऱ्या माणसासारखी लाली दिसत नाही एवढंच, म्हणून कुणी विश्वास ठेवत नाही.

पण मोठ्या आईचा राग नाही. राग आहे तो मेडिकलवाल्याचा. त्यानं माझ्या मानेकडे बघितलंसुद्धा नाही. "उन्हानं भाजलं" एवढं ऐकलं आणि एक ट्यूब काउंटरवर सरकवली. "ही लावा ताई, आठ दिवसांत डाग जाईन, वरून रंगही उजळीन." मी पाकीट फिरवलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. पाकिटावर लाल रेघ, खाली बारीक अक्षरात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये म्हणून. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. ट्रेटिनॉइननं कातडी उन्हाला आणखी हळवी होते आणि ताज्या भाजलेल्या जागी तर ते आगच लावतं. म्हणजे उन्हानं पोळलेल्या बाईला यानं उन्हात आणखी पोळायचं औषध दिलं, आणि वर गोरेपणाचं आमिष! मी म्हटलं, चिठ्ठी नाही माझ्याकडे. तो म्हणाला, "चिठ्ठी कोन आनते ताई? सगळेच नेतात." म्हटलं, २०१८ मध्ये सरकारनं कातडीला लावायची अशी चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीच्या यादीत घातली. तर मागचा गिऱ्हाईक मलाच म्हणाला, घ्यायची तर घ्या ना बाई, लाइन लागली.

मला एवढं झोंबायचं कारण आहे. माझ्या चुलतबहिणीनं लग्न ठरल्यापासून अशीच एक ट्यूब गालांना लावली. आधी सगळे म्हणाले, किती उजळली. मग कातडी कागदासारखी पातळ झाली, शिरा दिसायला लागल्या, लव वाढली. लावायचं बंद केलं की तोंड लालबुंद, म्हणून पुन्हा लावायची. तिच्या मुलाच्या मुंजीचे फोटो आले तेव्हा तिनं स्वतःचे तेवढे काढून टाकायला सांगितले. तिलाही ती ट्यूब कुणा डॉक्टरनं दिली नव्हती.

तरी मी त्याच दुकानातून पॅरासिटामॉल आणि कॅलामाइन घेतलं. रात्री दहाला दुसरं दुकान उघडं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजारी पडलं की आमच्या गल्लीला तोच एक आधार आहे.

घरी केलं ते इतकंच. माठातल्या पाण्यात मलमलचं फडकं भिजवून मान-हातांवर ठेवायचं, गरम झालं की पुन्हा भिजवायचं. बर्फ नाही, भाजलेल्या कातडीला तो आणखी दुखावतो. टूथपेस्ट नाही, तूपही नाही. कोरफडीवर माझा विश्वास नव्हता, पण आईनं कुंडीतलं पान कापून आधी उभं ठेवलं, पिवळा चीक गळू दिला आणि मगच गर काढला. तो चीक कातडीला खाजवतो. गरानं गार वाटलं, हे कबूल. लिंबू मात्र मी हातात घेऊ दिलं नाही. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं तर फोड येतात, काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. पन्हं प्यायले, पण ते तहानेसाठी. मानेला त्याचा काय उपयोग? मानेवर दोन बारके फोड आले, ते फोडले नाहीत. आठवड्यात साल निघाली.

आमच्याकडे उन्हाचा सगळा हिशोब पाऱ्यावर चालतो. पारा तीन-चारला चढतो, म्हणून बारापर्यंत कामं उरकून घ्यायची. कातडी जाळणारे किरण मात्र सूर्य माथ्यावर असतानाच सगळ्यांत तिखट असतात. १४४ च्या आदेशात कामगारांसाठी पाणी-सावलीची सोय सांगितली होती, चांगलंच केलं. पण मे महिन्यात शेतात पऱ्हाटीची धसकटं वेचणाऱ्या बायांच्या मानेला कोण विचारतं? त्या साडीवरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळतात. वऱ्हाडात त्याहून चांगलं सनस्क्रीन मी अजून पाहिलं नाही.

भाजलेल्या जागेवर मोठे फोड आले, ताप-थंडी, उलटी किंवा भोवळ आली, तर घरगुती काही करत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि दुकानदारानं रंग उजळायची भाषा काढली, तर आधी पाकीट उलटून वाचा.